पडदा काळा, पंखा चालू

आधी एक कोडं सोडवा. एका संगणकाचा पंखा फिरतोय, हिरवा दिवा लागलाय, माइकला टिचकी मारली की त्याचा ठिपका लुकलुकतोय. पण पडदा ठार काळा. तर हा संगणक जिवंत की मेलेला?

घरी लोळत, पाय हलवत हे कोडं पडलं असतं तर मजा आली असती. मला ते पडलं अंबाजोगाईत, एका सभागृहामागच्या खोलीत, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. आणि बाराला अंतिम फेरी होती.

मी तेजल लोमटे, इयत्ता नववी. माझी मैत्रीण नाझनीन हिला जन्मापासून ऐकू येत नाही. विज्ञानाच्या वादविवादात मात्र तिच्यापुढे भले भले गार पडतात. समोरच्याचं बोलणं तिचा छोटा संगणक माइकमधून ऐकतो, मराठी अक्षरांत लिहितो आणि पडद्यावर दाखवतो. ती वाचते, उत्तर टाइप करते, स्पीकर ते बोलतो. स्पर्धेचा नियम कडक होता. पडदा चालेल, खुणांनी सांगणारी मैत्रीण चालणार नाही, कारण मैत्रीण उत्तरंही सांगू शकते. म्हणजे पडदा नाही तर नाझनीन नाही. तिच्या जागी मग राखीव स्पर्धक. आणि राखीव कोण, तर मी.

आणि एवढ्यावरच भागत नव्हतं. संगणक बिघडवला होता मीच.

झालं काय, यंदा मला संगणकातलं बरंच काही यायला लागलं, आणि येतंय हे जगाला दाखवायची हौसही आली. नाझनीनचा संगणक चालवणारी यंत्रणा मुक्त होती (जिचा प्रोग्राम कुणीही वाचावा, सुधारावा आणि वाटावा, अशी). सगळं साधं. ओळी उड्या मारत यायच्या. परवा मी म्हटलं, थांब, तुझ्या ओळी लोण्यासारख्या सरकवते. संगणकातलं पडदा रंगवणारं कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा एक बंद प्रोग्राम (ज्याच्या आतलं कुणालाच वाचता येत नाही, असा) आणून बसवला. ओळी सरकल्या, मी मिरवले. काल संध्याकाळी यंत्रणेने विचारलं, सुधारणा आल्यात, घेऊ का? मी पुढचं न वाचता 'हो' दाबलं. काल रात्रीपर्यंत चाललं. आज इथे येऊन चालू केलं तर काळोख.

नाझनीनने खुणेने विचारलं, काही बदललंस का? मी मानेनेच नाही म्हटलं.

आमच्या देवकते बाईंनी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, फॉरमॅट मारा. सगळ्यांचे भाचे हेच सांगतात. पण फॉरमॅट मारलं की संगणकातलं सगळं पुसलं जातं, म्हणजे नाझनीनने दोन वर्षं खपून त्याला शिकवलेले आमच्या भागातले शब्दही गेले असते. बाई वैतागल्या होत्या. फुकटातलं हे असंच ऐन वेळी दगा देतं, तरी मी सांगत होते विकतचं घ्या, असं बरंच बोलल्या. मग नाझनीन खिडकीकडे वळली तेव्हा टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पावणेबाराला नावं द्यायची आहेत. तुझी तयारी आहे ना?"

"हो बाई, माझी तयारी आहे."

बाई फॉर्म आणायला गेल्या. मी तिथेच उभी राहिले.

"ताई, पाय उचला."

हा केरोबा, सभागृहाचा झाडणारा यंत्रमानव. कमरेएवढा, गोल, आवाज जुन्या रेडिओसारखा. मी चिडून म्हटलं की हा संगणक मेलाय, जाता जाता तोही झाडून ने.

केरोबा थांबला. "मेलाय कशावरून?"

"पडदा काळा आहे ना."

"मला तर पडदाच नाही, ताई. मग माझं काय म्हणायचं?"

केरोबा म्हणाला, त्याच्या पोटातही त्याच घराण्याची यंत्रणा आहे, आणि सभागृहाच्या वायफायवरून तो आत डोकावू शकेल. मी पासवर्ड दिला. दोन क्षणांत तो म्हणाला की संगणक टक्क जागा आहे. ऐकतोय, लिहितोय, फक्त दाखवता येत नाहीये.

मग केरोबाने जे सांगितलं ते मी खुणांनी नाझनीनला सांगत गेले. संगणकात एक कर्नल असतो (यंत्रणेचा गाभा, सगळ्या भागांना कामं वाटून देणारा). आणि एक ग्राफिक्स कार्ड असतं (पडद्यावरचे लाखो ठिपके रंगवणारा भाग). दोघांची भाषा वेगळी. म्हणून मध्ये लागतो ड्रायव्हर (एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावणारा दुभाषी प्रोग्राम). दुभाषी गप्प बसला की गाभा सांगत राहतो, कार्ड वाट पाहत राहतं आणि पडदा काळा. बिघाड बोलण्यात नाही, पोचवण्यात.

नाझनीनचं डोकं अशा वेळीही चालतं. तिने विचारलं, कार्डाची भाषा सगळ्यांना शिकवून का टाकत नाहीत? केरोबा म्हणाला, काही कंपन्या शिकवतात, काही आपली शब्दांची यादी कुणाला दाखवत नाहीत. मग जगभरचे स्वयंसेवक कार्डाला एक आज्ञा देतात, कोणता ठिपका रंगला ते बघतात आणि एकेक शब्द ओळखतात. वर्षं लागतात. चुकाही होतात.

हे मला लगेच कळलं. पाचवीत नाझनीन शाळेत आली तेव्हा तिच्या घरच्या खुणा कुठल्याच पुस्तकात नव्हत्या. ती कानामागे अंगठा फिरवायची आणि पाण्याची बाटली उचलायची. चारदा पाहिलं आणि मला 'पाणी' कळलं. तिचा 'कंटाळा' कळायला मात्र अख्खा पावसाळा गेला होता.

"आता लॉग वाचतो," केरोबा म्हणाला (लॉग म्हणजे संगणक आपल्याच कामाची लिहून ठेवतो ती नोंदवही). "पण हजारो ओळी आहेत. कुठून शोधू? शेवटचा बदल कोणता झाला?"

अकरा एकतीस. 'माहीत नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. केरोबा ओळी चाळत बसला असता, बाई फॉर्म घेऊन आल्या असत्या आणि मंचावर मी गेले असते. नाझनीन माझ्या तोंडाकडे बघत होती. ती चेहरे वाचते, त्याला पडदा लागत नाही.

"बदल मीच केला," मी तोंडाने म्हटलं आणि हातांनीही. बंद प्रोग्राम, न वाचता दाबलेलं 'हो', मघाचं खोटं, सगळं. नाझनीनचे हात मांडीवरून हलले नाहीत. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

केरोबाला जागा लगेच सापडली. कंपनीच्या ड्रायव्हरने आज चालू होतानाच तक्रार लिहून ठेवावी तशी ओळ होती, की हा गाभा माझ्या ओळखीचा नाही. कालच्या सुधारणेत गाभा नवा आला होता, पण तो जागा होतो संगणक पुन्हा चालू केल्यावर. म्हणून काल ठीक, आज काळोख. स्वयंसेवकांचा ड्रायव्हर गाभ्याच्या घरातच राहतो. गाभा बदलला की तोही सोबत बदलतो. कंपनीचा बाहेरून येतो, आणि कंपनी त्याला नवं शिकवेपर्यंत मुका राहतो.

"म्हणजे चूक कंपनीची?" मी आशेने विचारलं.

"थोडी. हे दोघं जुळणार नाहीत, असं यंत्रणेनेही ठणकावून सांगायला हवं होतं. माणसं चिडतात ती उगाच नाही." केरोबाने माझ्या पायाजवळचा केर ओढून घेतला. "आणि उरलेली कुणाची, ते तुम्हाला ठाऊक आहे, ताई."

उपाय सोपा होता. बाहेरच्या दुभाष्याला रजा द्यायची, घरच्याला उठवायचं. फॉरमॅट नको, संगणक बंद करायलाही नको. पण तेही फसलं, तर संगणक पूर्ण अडकेल आणि वेळ उरणार नाही. संगणक नाझनीनचा, म्हणून मी तिला विचारलं. तिने एकदाच होकारार्थी मान हलवली.

केरोबाने वायफायवरूनच दुभाषी बदलला. पडदा लुकलुकला. पुन्हा काळा. मग राखाडी झाला, आणि अक्षरं आली.

कोरा पडदा नाही आला. संगणक खरंच सगळा वेळ जागा होता. गेल्या अर्ध्या तासात त्या खोलीत जे जे बोललं गेलं ते उड्या मारत, ओळीमागून ओळ आलं. फुकटातलं हे असंच. फॉरमॅट. पावणेबाराला नावं द्यायची आहेत. आणि त्याखाली, हो बाई, माझी तयारी आहे.

पडद्यावर हात ठेवावासा वाटला. नाही ठेवला. नाझनीनने ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली.

मी हातांनी म्हटलं, "तेव्हा मला थोडा आनंदही झाला होता. ते इथे आलेलं नाही, कारण ते मी बोलले नव्हते."

तिने कीबोर्ड पुढे ओढला. मग टाइप करू लागली, आणि स्पीकर आपल्या सपाट आवाजात बोलला, "तयारी आहे म्हणतेस ना? मग समोर बस. दुसऱ्या संघासारखे प्रश्न विचार. सगळ्यात अवघड आधी."

मी विचारले. अक्षरं बरोबर उमटत होती. दारात बाई फॉर्म घेऊन आल्या, तेव्हा पडद्यावर उमटलं, अगं बाई, हे चालू झालं? फॉर्मवर नाव नाझनीनचं गेलं. ती फेरी एका गुणाने जिंकली, आणि तो गुण माझ्या एका प्रश्नाच्या सरावाचा होता असं मी म्हणते. ती म्हणत नाही.

परतीच्या बसमध्ये तिने मला स्वयंसेवकांना पत्र लिहायला लावलं. काय केलं, काय बिघडलं, कुठला लॉग, आणि यंत्रणेने मला कुठे अडवायला हवं होतं, सगळं खरं. आठवड्याने उत्तर आलं. पत्राबद्दल आभार मानून त्या स्वयंसेवकांतल्या एका बाईने लिहिलं होतं की तुमच्या जुन्या कार्डाचे काही शब्द अजून कुणालाच कळलेले नाहीत, आणि ते कार्ड आता फार थोड्यांकडे उरलंय. शोधाल का?

आता दर रविवारी नाझनीन एकेक आज्ञा देते आणि मी कोणता ठिपका रंगला ते वहीत उतरवते. चार रविवार झाले, एक शब्द लागलाय. नाझनीन म्हणते ही भाषा तिला माझ्याआधी येणार. येईलही, पण मी सोडणार नाहीये.