नाडीची वही

"हात द्या," मी म्हणाले, तर त्याने दोन्ही हात पुढे केले.

"एकच पुरे."

"म्हटलं, निवड तुम्हीच करा."

मी वर पाहिलं. केस ओले, खांद्यांवर पावसाचे बारीक थेंब, आणि चेहरा असा साळसूद, की हा काही वावगं बोललाय असं वाटूच नये. मी उजवा हात धरला. मनगट गार होतं. स्टॉपवॉच दाबलं आणि मोजायला लागले.

सोमवारचे सव्वासहा वाजले होते. आमचं आरोग्य केंद्र म्हणजे एका जुन्या गोदामाचा केलेला हॉल. आत चटया, दोऱ्या, भिंतीला लावलेली लाकडी शिडी, आणि व्यायाम घेणाऱ्या मास्तरांचा "एक, दोन, श्वास सोडा" असा आवाज. पण आत जाण्याआधी दाराशी माझं टेबल लागे. येणाऱ्याने पाच मिनिटं शांत बसायचं, मग मी मिनिटभर त्याची नाडी मोजायची आणि वहीत लिहायची. नव्वदच्या वर गेली, की त्या दिवशी व्यायाम बंद. बाकावर बसून नुसते दीर्घ श्वास घ्यायचे.

हा नियम मेट्रनबाईंचा. हॉस्पिटलात तीस वर्षं काढून निवृत्त झाल्या आणि केंद्राचा कारभार बघू लागल्या. कुणीतरी भेट दिलेलं नाडीचं यंत्र कपाटात खोक्यासकट पडलं होतं. "यंत्राला आकडा कळतो, माणूस कळत नाही," असं त्या म्हणायच्या. त्या आठवड्यात बहिणीच्या ऑपरेशनसाठी त्या गावाला गेल्या होत्या आणि वही पहिल्यांदाच एकटीच्या भरवशावर माझ्या हाती देऊन गेल्या होत्या. मी अगदी फुलून गेले होते. फक्त एक गोची झाली होती. दिवसभर मी बाबांच्या फ्रेमच्या दुकानात काचा कापते. रविवारी एक काच निसटली आणि उजव्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या लागल्या. नाडी बघायची ती नेमकी हीच तीन बोटं. डाव्या हातात स्टॉपवॉच. मग काय, मी अंगठा वापरला.

"चौऱ्याण्णव," मी म्हणाले. "बाकावर."

"मी?" तो थक्कच झाला. "अहो, मी क्रेन चालवतो. टॉवर क्रेन. रोज शिडीने आकाशात चढतो."

"इथे आकाश नाही, बाक आहे."

तो हसला आणि गुमान जाऊन बसला. त्याच्यामागे निवृत्त पोस्टमास्तर उभे होते. त्यांचाही आकडा जरा जास्तच आला, ब्याऐंशी. मी तो लिहून टाकला.

त्याला कंपनीने पाठवलं होतं. सोमवार ते शुक्रवार अशा पाच सकाळच्या नोंदी हव्या होत्या, त्यातली निदान एक तरी नव्वदच्या आत. तरच वर चढायचा दाखला पुन्हा मिळणार, नाहीतर खाली गोदामात बसून सळ्या मोजायच्या. हे सगळं त्याने बाकावरून सांगितलं. बाक माझ्या टेबलाला लागूनच होता... याला माझा इलाज नव्हता.

मंगळवारी अठ्ठ्याण्णव. बुधवारी एकशे तीन.

"मीठ जास्त खाता का?" मी दरडावून विचारलं.

"बेताचंच."

"झोप?"

"छान लागते. पण हल्ली पहाटेच जाग येते."

"कशाने?"

"इथे यायचं असतं ना."

मी मान खाली घालून वहीत रेघ आखली. ती वाकडी आली.

बाकावर बसून तो वरच्या गोष्टी सांगायचा. वर एक काचेची खोली असते, एका माणसापुरती. वारा आला की ती हळूच डुलते आणि आपण तिच्याबरोबर डुलायचं, भांडायचं नाही. घारी खाली उडताना दिसतात, त्यांच्या पाठी दिसतात. "घारीची पाठ कुणी पाहिलीय?" तो म्हणाला. "आणि सूर्य आम्हाला आधी दिसतो. खाली तुम्ही सगळे अजून सावलीत असता, आणि माझ्या हातांवर ऊन असतं."

मी ऐकतच राहायचे. जमिनीवर राहून मी आजवर काय काय पाहिलं नव्हतं!

"आमचं केंद्र दिसतं का हो वरून?"

"हिरवं छप्पर. एका कोपऱ्यातला पत्रा वाकलाय." मग म्हणाला, "आता रोज बघेन. म्हणजे... चढू दिलं तर."

गुरुवारी एकशे सहा झाले होते. इतका धडधाकट माणूस, रंग चांगला, दम लागत नाही, आणि आत मात्र काहीतरी बिनसतंय. मी त्याला डॉक्टरकडे जायला बजावलं. "शनिवारी मेट्रनबाई येतात ना? त्या बघतील," म्हणून त्याने विषय उडवून लावला. त्या दिवशी दुकानात मी दोन काचा उलट्या मापाने कापल्या. बाबांनी त्या उचलून बाजूला ठेवल्या.

शुक्रवारी एकशे नऊ.

पेन वहीवर टेकलं आणि तिथेच थांबलं. ऐंशी लिहिलं तर? कोण बघतंय? एक आकडा, आणि हा पुन्हा त्याच्या काचेच्या खोलीत. पण वर काही झालं तर? तिथे एकट्याला चक्कर आली तर? पेन टेकलं होतं तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. त्याने ते पाहिलं.

"जे आहे तेच लिहा," तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट तो इतका निवांत दिसत होता, की मलाच रडू फुटेलसं झालं. मी लिहिलं, एकशे नऊ.

शनिवारी मेट्रनबाई आल्या आणि छत्री मिटायच्या आधीच त्यांनी वही उघडली. बाकावर पाचसहा जण होते. पोस्टमास्तर होते. तोही होता.

त्यांनी एक पान वाचलं, मग दुसरं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"काय गं," त्या म्हणाल्या, "पोस्टमास्तरांची नाडी दहा वर्षं साठच्या वर गेली नाही. इथे अठ्ठ्याऐंशी?"

"तेवढीच लागली, बाई."

"आणि बाकी सगळे बहात्तर, त्र्याहत्तर, बहात्तर? पळणारा पोरगाही बहात्तर आणि गुडघेदुखीची आजीही बहात्तर?" त्यांची नजर माझ्या पट्ट्यांवर गेली. "कशाने मोजलीस?"

मी अंगठा वर केला.

त्यांनी डोळे मिटले. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना! अंगठ्याची स्वतःची नाडी असते. अंगठ्याने मोजलं की मोजणाऱ्याचीच लागते."

मला आधी काही उमगलंच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी पन्नास गोष्टी सांगितल्या होत्या आणि मी सगळ्यांना मान डोलावली होती. मग त्यांनी वही माझ्याकडे फिरवली आणि बोट ठेवलं.

"हे बघ. नावं चाळीस आहेत, पण हृदय एकच आहे. बहात्तर, बहात्तर, त्र्याहत्तर... आणि इथे क्रेनवाल्याच्या नावापुढे एकदम एकशे नऊ. त्याच्यामागे पोस्टमास्तर, अठ्ठ्याऐंशी. त्यांच्यामागे एक्क्याऐंशी. मग शहात्तर. मग पुन्हा बहात्तर. रोज तेच." त्यांचा आवाज मऊ झाला. "रोज थोडं जास्त."

हॉलमध्ये मास्तरांचं "एक, दोन" देखील थांबलं होतं. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. पण खरं सांगू? लाजेपेक्षाही मोठं काहीतरी मला त्या पानावर धरून ठेवत होतं. मी काचा कापत होते, जेवत होते, त्याला दरडावत होते, आणि माझ्याच छातीत, मला न विचारता, कुणीतरी सगळं आधीच ठरवून टाकलं होतं. शिवाय ते रोज न चुकता, माझ्याच अक्षरात, लिहूनही ठेवलं होतं. मी स्वतःकडे इतक्या नवलाने कधी पाहिलं नव्हतं.

"नोंदी रद्द कराव्या लागतील," मेट्रनबाई म्हणाल्या. "कारण लिहून सही कर. त्याशिवाय कंपनी मानणार नाही."

'मोजण्यात चूक' एवढं लिहून सुटता आलं असतं. पण तेवढ्यावर त्याला पुन्हा कुणीतरी संशयाने तपासलं असतं. मी पेन उचललं आणि लिहिलं, 'या पाचही दिवसांच्या नोंदी माझ्या स्वतःच्या नाडीच्या आहेत. त्यांच्या नाहीत.' खाली सही केली. पोस्टमास्तर खोकले आणि छताकडे बघू लागले.

मेट्रनबाईंनी त्याचं मनगट धरलं. अख्खं मिनिट गेलं.

"बासष्ट. ठणठणीत. दाखल्याचं पत्र मी देते, सोमवारी वर चढ."

बासष्ट! आनंद झाला, आणि त्याच क्षणी काहीतरी खाली बसलं. माझे एकशे नऊ आणि त्याचे बासष्ट... मी उठून दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. तो मागोमाग आला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"अंगठ्याचं. आम्हाला दर वर्षी प्रथमोपचार शिकवतात. सोमवारी मी घाबरलो, घरी जाऊन मोजली तर साठ. मंगळवारी तुमचा अंगठा पाहिला आणि कळलं."

"मंगळवारपासून? आणि गप्प बसलात? नोकरी गेली असती तर!"

"सांगितलं असतं तर तुम्ही बोट बदललं असतंत." तो पायाने पायरीवरचं पाणी सारत होता. "रोज सकाळी समोर बसून कुणीतरी मला सांगायचं... अठ्ठ्याण्णव. एकशे तीन. एकशे सहा. आणि वर म्हणायचं, मीठ कमी खा. मी बाकावर बसून घारींपेक्षा उंच असायचो. ते सोडवेना, एवढंच."

"लबाड!" मी ओरडले. आवाज मात्र रागाचा निघाला नाही. "आणि तुमचे बासष्ट? त्याचं काय?"

"ते मेट्रनबाईंनी मोजले," तो म्हणाला आणि हात पुढे केला. या वेळी एकच. "तू मोज."

मी उजव्या हाताच्या तिन्ही पट्ट्या सोडल्या. खालची कातडी नवी होती, गुलाबी, अजून कशालाही न लागलेली. ती पहिल्यांदा टेकली ती त्याच्या मनगटावर. नाडी संथ होती, एका लयीतली, वाऱ्याबरोबर डुलणाऱ्या माणसाची. दहा, अकरा, बारा...

"उद्या रविवार," तो म्हणाला. "केंद्र बंद. तरी भेटशील?"

एकोणीस, वीस. "हो," मी मोजता मोजताच म्हणाले.

आणि माझ्या बोटांखाली ती उसळली. आधी एक ठोका चुकला, मग एकावर एक, इतके, की माझे आकडे कुठल्या कुठे गेले. मी मान वर केली. तो हसत नव्हता. आपल्याच हाताकडे डोळे मोठे करून बघत होता.

"किती गं?" आतून मेट्रनबाईंनी हाक दिली. "माझे बासष्ट पत्रात लिहिले, वहीतला तुझा रकाना रिकामा आहे."

मी आत गेले, वही ओढली आणि त्याच्या नावापुढे लिहिलं, 'मोजता आली नाही.'