वेचून आणलेलं

केतकी सकाळी उज्जैनच्या फ्रीगंजमधून निघायची ती पायी थेट भैरवगढपर्यंत. वाटेत लोकांनी टाकलेलं काहीबाही वेचायचं आणि घरी आणून मोठ्या फळीवर मांडायचं, ही तिची कला. फुटक्या बांगड्या, चपलांचे अंगठे, कापड छापायच्या ठशांचे मोडके तुकडे. रेल्वेतून रिटायर झालेले तिचे वडील, प्रभाकरराव, चहा पिता पिता हसायचे, "आमच्या पोरीनं कबाडखाना खोललाय!"

एकदा भैरवगढच्या रंगाऱ्यांच्या नाल्याकाठी तिला कपाचा कान सापडला. पांढरा, वर हिरवी वेल. बाबांच्या कपासारखाच. तिला गंमत वाटली. घरी येऊन तिनं तो त्यांच्या कपाशेजारी धरूनही पाहिला, मग फळीवर चिकटवून टाकला.

पुढच्या आठवड्यात बाबांच्या हातून तो कप निसटला. तुकडे गोळा केले, पण कान कुठेच नाही. पलंगाखाली, ओट्याखाली, सगळीकडे झाडून झालं. शेवटी केतकीनं फळीवरचा कान काढून लावून पाहिला. सांधासुद्धा दिसेना.

"चला, मिळाला ना," बाबा म्हणाले.

"पण मी हा आणला तेव्हा तुम्ही त्याच कपातून चहा पीत होतात!"

"दुसरा असेल. उज्जैनमध्ये काय एकच कप आहे?"

तिलाही तेच खरं मानायचं होतं. पण मग टावर चौकात, रसवाल्याच्या गाडीखाली चष्म्याची काडी दिसली. बिजागरीशी लाल दोरा गुंडाळलेला. तो दोरा तिनंच बाबांच्या चष्म्याला गुंडाळला होता. ती धावत घरी आली. बाबा पेपर वाचत होते. चष्मा नाकावर, दोन्ही काड्या शाबूत, लाल दोराही जागेवर.

संध्याकाळी ते चुकून चष्म्यावर बसले. दोऱ्याची काडी काही सापडली नाही.

तिनं फिरणं सोडलं. फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली. आपण आणतो म्हणून वस्तू मोडतात, की मोडणार असतात म्हणून आपल्याला सापडतात? तिला काही म्हणता काही उमगेना.

एका दुपारी बाबाच बाहेरून आले.

"तू जात नाहीस, तर म्हटलं आपणच काही आणू पोरीसाठी."

त्यांनी तिच्या हातावर केसांचा तपकिरी क्लचर ठेवला. मधोमध तुटलेला. दातांत लांब काळे केस.

केतकीचा हात मानेमागे गेला. तिचा क्लचर केसांत होता. घट्ट.

"कुठं मिळाला?"

"इथंच, आपल्या जिन्याखाली." बाबा रुमालाला हात पुसत होते. "काही तरी चिकट लागलं होतं. नळावर धुऊन आणला."