प्लास्टिकचे तीन वेढे

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी फ्रिजमध्ये डोकं घालून चीजशी बोलत होते. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं चीजचं दुकान महिनाभर माझ्या गळ्यात पडलं. सगळंच पिवळं, ओळखायचं कसं? म्हणून पाठांतर चाललं होतं. "तू चेडर, तू गौडा, आणि तू... तू कोण?"

"तेही चेडरच. फक्त वयाने मोठं," मागून आवाज आला.

दचकून मी डोकं कप्प्यावर आपटलं. भित्री आहे मी, आधीच सांगून ठेवते. नुसता फोन वाजला तरी माझ्या हातातली वस्तू खाली पडते.

तो गावाबाहेरच्या छोट्या डेअरीत चीज बनवायचा. आत्या त्याला चीजवालाच म्हणायची. त्याने त्या वयस्कर चेडरचा एक काप मला चाखायला दिला. काही चवच लागत नाही, असं मी म्हणून बसले.

"थंड आहे ना. थंड असताना ते मुकं असतं. तासभर बाहेर ठेवा, मग बोलेल."

"म्हणजे इतका वेळ मी मुक्याशी बोलत होते?"

तो हसला... आणि मी उगाचच कागद शोधायला लागले.

मग तो एक दिवसाआड यायला लागला. कारण साधंच होतं. त्याचा फ्रिज दगा देत होता, म्हणून दीड वर्ष जपलेल्या चेडरचा मोठा तुकडा त्याने माझ्याकडे ठेवला होता. मंगळवारी सहा वाजता एका हॉटेलच्या शेफबाई तो चाखायला दुकानात येणार होत्या. त्यांना आवडला तर डेअरी चालणार, नाही तर ती बंद करून तो भावाकडे जाणार, लांब, दुसऱ्या शहरात. हे त्याने अगदी सहज सांगितलं. ऐकणारीचं काय होतं, ते त्याला कुठे माहीत!

"बटर पेपरमध्ये सैलसर गुंडाळायचं," त्याने बजावलं होतं. "त्याला हवा लागते."

सैलसर! या एका शब्दाने माझा जीव खालीवर. वाळलं तर? शेजारच्या डब्याचा वास लागला तर? गुरुवारी तो गेल्यावर मी कागदावरून प्लास्टिकचे तीन वेढे दिले, चांगले घट्ट. नंतर चार दिवस तो डेअरीतच अडकला आणि मी तुकड्याला हात लावला नाही.

मंगळवारी साडेचारला उघडलं. आत चीजला घाम सुटला होता आणि एका कडेला निळसर हिरवे ठिपके... बुरशी. गुपचूप फेकून द्यावं, फ्रिज बंद पडला म्हणावं, इथपर्यंत माझी मजल गेली. भीती ना शेफबाईंची होती, ना आत्याची. तो जाईल, एवढीच होती.

पावणेपाचला तो आला. मी तुकडा तसाच पुढे केला.

"तुम्ही कागद म्हणालात, मी वरून प्लास्टिक लावलं. हे बिघडलं तर तुम्ही जाल म्हणून... आणि आता त्यामुळेच जाल. तुम्ही गेलेलं मला चालणार नाही."

शेवटचं वाक्य निसटलंच. आता परत कसं घेणार?

त्याने सुरी पुसली, ठिपक्यांपासून दोन पेरं सोडून ती कड कापून टाकली. मग सुरी धुऊन आतला एक कण जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मी श्वास रोखून उभी.

"मऊ चीज असतं तर सगळंच टाकावं लागलं असतं," तो म्हणाला. "हे घट्ट आहे, बुरशी खोलवर जात नाही. आणि दुसरं... माझा फ्रिज कधी बिघडलाच नव्हता."

"मग हे इथे कशाला ठेवलंत?"

"एक दिवसाआड यायला काहीतरी निमित्त नको?"

सहाला शेफबाई आल्या. त्यांनी दुसरा काप स्वतःच्या हाताने कापून घेतला, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण तेव्हा आम्हाला ते कुठे ठाऊक होतं? त्याने तुकडा फळीवर ठेवून वर स्वच्छ फडकं घातलं. घड्याळात पाच वाजत होते.

"तासभर लागेल त्याला," तो म्हणाला. "मी बाहेर चक्कर मारून येतो. इथे बसवणार नाही मला." दाराची कडी धरून तो पुन्हा पुन्हा फडक्याकडेच बघत होता. हाही घाबरतो, हे मला तेव्हा कळलं.

भित्री तर मीही होते. तरी बोलले.

"थांब."

थांबा नाही... थांब. त्यालाही ते नीट ऐकू गेलं असावं. त्याने कडी सोडली, आत्याचं स्टूल ओढून माझ्याशेजारी आणलं आणि विचारलं, "सरकतेस थोडी?"