नववा मास्क

प्रणाली आली ती दारातच बोलायला लागली.

"आईले चोर ठरवून राहिले जी. संध्याकाळपर्यंत कागदावर सही नाई केली तर ठाण्यात तक्रार देतो म्हणते शेठ."

विजयमाला कुंभारे यांनी तिला आधी पाणी दिलं. वीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी खोटे दावे हुडकले होते. आता पांढुर्ण्यात बसून तेच काम खासगी करत. सोबतीला मधुकरराव, निवृत्त मास्तर. त्यांची स्कूटर झटपट चालायची, डोकं जरा सावकाश.

प्रकरण असं होतं. प्रणालीची आई जयवंता सौंसरकडच्या एका संत्रा पॅकिंग कारखान्यात कामाला होती. मंगळवारी ती संत्री धुवायचा हौद साफ करायला आत उतरली. ब्लीचिंगच्या पाण्यात तेजाब पडलं, पिवळा धूर उठला आणि बाई आतच कोसळली. जीव वाचला, छाती आतून भाजली. आता मालक म्हणत होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारा काचेचा मास्क दिला होता, तिनं तो नेऊन विकला, म्हणून दोष तिचाच. सही याच मजकुरावर हवी होती.

"आई म्हणते, इथंच मरीन, पण चोर म्हणून सही नाई करणार."

"नको करू म्हणा," विजयमालाबाई म्हणाल्या आणि पायात चपला घातल्या.

कारखान्याचा मालक वीरेंद्र शेठ तोंडात सुपारी घोळवत बसला होता. हॉस्पिटलात बाई श्वासासाठी तडफडतेय आणि हा गडी सुपारी चघळतोय.

"नऊ बाया, नऊ मास्क," शेठ म्हणाला. "दिवाळीनंतर वाटले. सह्या आहेत, फोटो आहेत. आठ मास्क समोर टांगले आहेत, रोज वापरतात. नववा जयवंताचा. तो कुठं गेला ते तिले विचारा. सेफ्टीची जबाबदारी कामगाराची पण असते ना बाई?"

"असते," विजयमालाबाई म्हणाल्या. "फोटो दाखवा."

रजिस्टरात नऊ फोटो क्रमानं चिकटवले होते. प्रत्येक बाईनं मास्क घालून माप पाहिलेलं, मग चेहरा दिसावा म्हणून तो काढून छातीशी उलटा धरलेला. पहिली अंबाबाई, कपाळावर टिकली. दुसरी प्रमिला. पुढं टिकलीवाल्याच सगळ्या, आणि सातवी मोकळ्या कपाळाची जयवंता.

"हिच्या मास्कच्या आत लाल डाग दिसून राहिला," मधुकरराव म्हणाले. "वरच्या पांढऱ्या रबरावर. संत्र्याचा असंल."

"असंल," म्हणून विजयमालाबाईंनी पुन्हा पहिल्यापासून पानं उलटली.

मधुकररावांनी खुंटीवरचा एक मास्क डोळ्यांशी नेला. "काच धुरकट आहे हो याची. समोरचं नीट दिसत नाई. बाकीच्यांच्याही तशाच." कोपऱ्यात काहीतरी सुटलेलं वाटलं म्हणून त्यांनी नखानं खरवडलं आणि फुटलं-बिटलं तर, या भीतीनं तो पटकन जागेवर ठेवून दिला.

स्टोअर सांभाळणारा मंगेश दारात उभा होता. विजयमालाबाईंनी त्याला विचारलं, "मास्क रोज कोण देते?"

"मीच. सकाळी देतो, संध्याकाळी घेतो."

"म्हणजे घरी नेतच नाई कोणी?"

मंगेशनं शेठकडं पाहिलं. "जयवंता नेत होती," तो म्हणाला, आणि घाम पुसायला लागला.

प्रमिला क्रेटवर बसून संत्री निवडत होती. कपाळावर रुपयाएवढं कोरडं कुंकू. घाम पुसतानाही ती पदर त्याच्या कडेकडेनं फिरवत होती.

"जयवंता तुमची कोण?"

"मैत्रीणच म्हणा. आठ वर्ष झाले संगं डबा खातो."

"तिनं मास्क विकला?"

प्रमिलानं संत्रं दोनदा उलटंपालटं केलं. "मले काई मालूम नाई बाई. घरी दोन लेकरं आहेत."

आठ वर्षं एका डब्यात जेवायचं आणि वेळ आली की तोंड शिवून घ्यायचं. विजयमालाबाईंना शेठची किळस आली होतीच, आता हिचीही आली. त्यांनी ती लपवली नाही.

त्यांनी साऱ्यांना हौदापाशी बोलावलं.

"मधुकरराव, मघाचा मास्क आणा. कोपऱ्यातून खरवडा, घाबरू नका."

मधुकररावांनी नख घातलं. काचेवरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा सर्रकन निघाला आणि काच लख्ख झाली.

"नवीन वस्तूवर असते ते," विजयमालाबाई म्हणाल्या. "दिवाळीपासून रोज वापरता, आणि आठही मास्कवर हे शाबूत? हे मंगळवारनंतर आणले आहेत. आठच आणले, कारण नववा चोरीला गेला असं दाखवायचं होतं."

"मग फोटोत काय आहे?" शेठ तडकला.

"फोटोत एकच मास्क आहे. अंबाबाईच्या हातात रबर पांढरंशुभ्र. दुसऱ्या फोटोत प्रमिलाबाईच्या कुंकवाचा डाग पडला. तो डाग तिसऱ्या फोटोत आहे, चौथ्यात आहे, नवव्यापर्यंत त्याच जागी आहे. बाकीच्या टिकल्या लावतात, टिकलीनं असा डाग पडत नाई. आणि जयवंता बौद्ध, ती कपाळाले काहीच लावत नाई. तिच्या मास्कमध्ये कुंकू कुठून आलं शेठ?"

शेठनं मंगेशकडं पाहिलं.

"मंगेश, तो जुना मास्क आण."

"फेकाले सांगितला होता," मंगेश पुटपुटला. "मी नाई फेकला. उद्या सारं माह्यावर आलं असतं." तो आत गेला आणि पोत्यांमागून मास्क घेऊन आला. रबर चिकट झालेलं, आत बुरशी, आणि आंबूस वास असा की पुढच्या बाया मागे सरल्या.

विजयमालाबाईंनी तो शेठपुढं धरला. "हौदात उतरू नका. इथंच एक मिनिट घालून दाखवा."

"हट्. साऱ्या बायांच्या तोंडाचा आहे तो," शेठ नाकाला रुमाल लावून म्हणाला.

म्हणाला आणि त्यानं मान वळवली. मधुकररावांच्या हातात मोबाइल चालू होता. तेवढं काम त्यांना सांगावं लागलं नव्हतं.

चोरीची तक्रार तिथंच मेली. मोबाइलमधलं बोलणं आणि रजिस्टर कारखाना निरीक्षकाकडे जाणार होतं. निघताना विजयमालाबाई बायांकडं वळल्या.

"मास्क मागणं तुमचा हक्क होता. मिळाल्यावर घालणं तुमचं काम होतं. आणि न मिळता मिळाला म्हणून सही केली, वरून जयवंताले चोर ठरवताना मुक्या राहिल्या, तो तुमचा गुन्हा. जयवंताले हे मी सांगणार नाई."

प्रमिला उठली. "मी सांगतो," ती म्हणाली.

हॉस्पिटलात ती जयवंताच्या खाटेजवळ जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "पहिली खोटी सही अंबाबाईची, दुसरी माही. आज इचारलं तरी मी बोलली नाई. तू चोर नाईस, साऱ्यांसमोर ठरलं."

जयवंतानं डोळे मिटून घेतले. प्रणालीला वाटलं, आई आता तोंड फिरवणार.

"हौदात आज कोण उतरलं?" जयवंतानं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कोणीच नाई," प्रमिला म्हणाली. "शेठ वरडून राहिला. सात जणी गेटपाशी बसून आहेत, नऊच्या नऊ मास्क हाती पडल्याबिगर उठत नाई म्हणते."

जयवंतानं हात पुढं केला. "मंग तू इथं काऊन उभी आहेस? जा, तिथं आठवी हो."