दोघांना मानवेल अशी उंची

पुण्यातल्या एका संशोधन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर काचेची हवाबंद खोली होती. ऋजुता पाटसकर त्या खोलीत चौदा महिने राहत होती. त्याआधी ती नकाशे काढायची. मग तिशीतच हातापायांतली शक्ती गेली, नजर अंधुक झाली. या खोलीत आल्यापासून दोन्ही हळूहळू परत येत होत्या.

"एक दिवस मला काझा बघायचंय," ती आतल्या ध्वनिक्षेपकातून म्हणाली. "काझा, लांग्झा, कोमिक. उंच डोंगरांतल्या या गावांचे नकाशे मी काढलेत, पण तिथे कधी पाऊल ठेवलेलं नाही."

काचेबाहेर डॉ. शमा बागवान आणि ऋजुताचा मोठा भाऊ जयेंद्र उभे होते. जयेंद्र पंपांचा अभियंता. खोलीतली हवा विरळ ठेवणारे पंप त्यानेच बसवले होते.

"डॉक्टर, तिला बाहेर आणलं तर नेमकं काय होईल?" त्याने विचारलं.

"तुमच्या-माझ्या पेशींमधल्या तंतुकणिका आलेला प्राणवायू जाळून टाकतात. हिच्या तंतुकणिकांची ती भट्टीच जवळजवळ बंद पडलीय. न वापरलेला प्राणवायू साचतो आणि गंजासारखा मज्जातंतू पोखरतो. हवा विरळ असली की साचण्याइतका प्राणवायू येतच नाही. पुण्याच्या हवेत ती अर्धा तास तग धरेल. नंतर पाय जातील, मग श्वास."

"आणि डोंगरावर?"

"तीन हजार मीटरच्या वर कुठेही जा, तिथली हवा तिला चालेल."

"म्हणजे अडचण फक्त वाटेची आहे," जयेंद्र म्हणाला आणि कामाला लागला.

पाच महिन्यांत त्याने विरळकोश बनवला. एक माणूस आडवा मावेल एवढी, काचेचं झाकण असलेली नळी. तिचा पंप आतली हवा खेचून दाब डोंगरावरच्याइतका ठेवी. कोशाच्या बॅटऱ्या दोन दिवस पुरत. दोन दिवसांत थेट वर चढणं डॉ. बागवान यांना पटेना.

"तिचं ठीक आहे. पण त्या उंचीची सवय व्हायला तुम्हाला चार दिवस तरी लागतील."

"चार दिवस वाटेत थांबलो तर बॅटऱ्या संपतील. मी उंची बाधू नये म्हणून गोळ्या घेतो."

डॉक्टरांनी आपला आक्षेप कागदावर नोंदवला आणि मगच सही केली.

काझ्याला ते पोचले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. गाडीचा चालक तंझिन याने कोशाचं झाकण उचललं. ऋजुता उठून बसली. तिने एक श्वास घेतला, थोडं थांबून दुसरा घेतला. मग काठी मागितली आणि जमिनीवर पाय टेकवले. जयेंद्र हात पुढे करून उभा होता, पण तिने तो धरला नाही.

सकाळपासून ती बघत सुटली. 'की' नावाच्या गावातल्या मठाच्या पायऱ्या ती काठी टेकत चढली. तिथे मिळालेला खारट लोण्याचा चहा तिने पूर्ण प्यायला, जयेंद्रने दोन घोटांत सोडला. लांग्झ्याच्या मागच्या ओढ्यात शंखांचे जीवाश्म होते, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले. तिने एक हातात घेतला, त्याचे वळसे बोटाने चाचपले आणि होता तिथे ठेवून दिला. हिक्कीमच्या पोस्टातून तिने डॉ. बागवान यांना पत्र टाकलं: 'आज तीन किलोमीटर चालले. दिसतंयही स्वच्छ.'

दुपारी कोमिकला छेरिंग डोल्मा नावाच्या बाईने त्यांना आपलं मटाराचं शेत दाखवायला नेलं. ऋजुता बांधावरून पुढे चालली होती. मागे खोकला ऐकू आला म्हणून ती वळली. जयेंद्र दगडावर बसला होता. त्याचे ओठ निळे पडले होते आणि रुमालावर गुलाबी फेस होता.

तिने तिथूनच डॉ. बागवान यांना फोन लावला.

"फुफ्फुसात पाणी भरतंय," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना दाट हवा हवी, ताबडतोब. आणि थेट खाली न्या."

ऋजुताने गाडीकडे पाहिलं.

"दादा, कोशाचा पंप उलटा फिरवता येतो?"

तो रुमालात खोकत राहिला.

"हवा खेचायच्या ऐवजी भरायची. येतं की नाही?"

"येतं. पण कोशात एकच माणूस मावतो. मी त्यात गेलो तर तू खाली कशी येशील?"

"ते मग बघू. झडप कुठली?"

"ऋजू, ऐक..."

"मी इथे धडधाकट उभी आहे आणि तुला बसवत नाहीये. झडप कुठली ते सांग."

"निळी," तो म्हणाला. "पूर्ण उलटी फिरव. मग लाल."

तंझिनने त्याला आत झोपवलं. ऋजुताने दोन्ही झडपा फिरवल्या, दाबमापकाचा काटा वर चढताना पाहिला आणि झाकणाचे खटके लावले. छेरिंगचा नवरा कोशाशेजारी बसला. वळणाआड गाडी दिसेनाशी होईपर्यंत ऋजुता रस्त्यातच उभी राहिली.

डोंगराखालच्या रामपूरच्या रुग्णालयात जयेंद्र वाचला. नवव्या दिवशी त्याने फोन केला.

"बॅटऱ्या भरल्यात. मी कोश घेऊन निघतो."

"डॉक्टरांना विचारलंस?"

एकदा फुफ्फुसात पाणी भरलेल्या माणसाने पुन्हा त्या उंचीवर जायचं नाही, असं डॉ. बागवान यांनी त्याला बजावलं होतं. सत्तावीसशे मीटर, त्यापुढे एक मीटरही नाही.

"मग तंझिनबरोबर पाठवतो," तो म्हणाला.

"पाठवू नकोस, दादा. मी खोलीत परत येणार नाही. छेरिंगताईंनी मला माडीवर जागा दिलीय. मी त्यांच्या कालव्यांचा नकाशा करायला घेतलाय. रोज चालते."

"मला वर येता येणार नाही आणि तू खाली येणार नाहीस. मग आपण भेटायचं कसं?"

"ते मी काढलंय. सव्वीसशे मीटरवर मला पाच तास मिळतात, असं डॉक्टर म्हणतात. नकाशावर तुझ्या हद्दीची वरची रेघ आखली, माझ्या हद्दीची खालची रेघ आखली. दोन्हींच्या मधे एक चिंचोळा पट्टा उरतो. त्यात रस्त्यावरचं एकच गाव बसतं, पूह. तीन हजारांच्या खालच्या वाटेत जाऊन-येऊन दोन तास जातील, म्हणजे हातात तीन उरतात. सप्टेंबरचा पहिला रविवार, सकाळी दहा. उशीर करू नकोस."

त्या रविवारी जयेंद्र आठ वाजल्यापासून पूहच्या बस थांब्यावर बसून होता. बरोबर दहाला तंझिनची गाडी आली. ऋजुता उतरली, काठीशिवाय. गाल उन्हाने रापले होते. जयेंद्र तिला बाकावर बसवायला निघाला.

"बसायला वेळ नाही," ती म्हणाली. तिने घड्याळात तीन तास लावून कळ दाबली आणि त्याचा हात धरला. "चल, गाव बघू."