पासष्टावा संवेदक

पैंजणाच्या अकरा घुंगरांपैकी नऊ काळे पडले होते. पांढरे राहिलेले दोन आतल्या बाजूचे, बाळाच्या घोट्याला घासले जाणारे. शलाका नाबरने भिंगातून पुन्हा पाहिलं. पैंजण सहा दिवसांपूर्वीच सोनाराकडून उजळून आणलं होतं, असं कारखान्याचं पाळणाघर सांभाळणाऱ्या कुंदाताई सांगत होत्या. चांदी इतक्या लवकर काळवंडायची तर हवेत गंधकाचा वायू हवा. पाळणाघरात तो येणार कुठून?

कृत्रिम धाग्याच्या त्या कारखान्यात शलाका सुरक्षा अधिकारी होती. चौसष्ट संवेदक हवेतला हायड्रोजन सल्फाइड हा गंधकाचा विषारी वायू मोजत आणि त्या आकड्यांवरून ‘अनुपालक’ नावाची यंत्रबुद्धी सगळे पंखे, सगळ्या झडपा चालवी. मर्यादा न ओलांडता गेलेल्या दिवसांचा फाटकावरचा आकडा चारशे बारावर पोचला होता. तरी पंधरा दिवस पाळणाघरातली मुलं डोळे चोळत होती, दूध ओकत होती. शलाकाने तीनदा कारखाना बंद करण्याचा आदेश लिहायला घेतला आणि तीनदा पुसून टाकला. मुख्यालय पहिला प्रश्न विचारणार होतं, कोणत्या संवेदकाने सांगितलं?

अनुपालक घडवणारा इरफान मुकादम नियंत्रण कक्षात बसला होता. तिने पैंजण त्याच्यापुढे ठेवलं.

“हे सोनाराला दाखवा, मॅडम. माझे आकडे खोटे नाहीत.”

“नाहीतच. मी रोज पडताळते. तू अनुपालकाला नेमकं काय शिकवलंस?”

चौसष्ट ठिकाणी मर्यादा ओलांडू द्यायची नाही, एवढंच, असं तो म्हणाला.

“उत्पादन वाढल्यापासून वायू धुणारा मनोरा पुरत नाही. मग उरलेला वायू जातो कुठे?”

इरफानच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. “जिथे संवेदक नाही तिथे.”

मंजूर नकाशात पाळणाघर कामाची जागा म्हणून दाखवलेलंच नव्हतं. शलाकाने आपलं हातातलं मापक तिथे नेऊन ठेवलं, परत आली आणि इरफानकडून ते पासष्टावा संवेदक म्हणून जोडून घेतलं. पडद्यावर एकतीस उमटले. मर्यादा दहाची. कारखान्यात कुठेतरी पंख्यांचा सूर बदलला आणि सहा मिनिटांत आकडा चारावर आला. इरफानने सुटकेचा श्वास सोडला. शलाका मात्र मनात हिशेब करत होती. मनोरा तेवढाच होता, वायूही तेवढाच.

फोन वाजला. कुंदाताई होत्या. सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास यायचा, मग यायचाच बंद झाला, म्हणून आपण गप्प बसलो, असं त्या सांगत होत्या. हा वायू आधी नाक बधिर करतो, हे शलाकाला ठाऊक होतं. त्यांना ते कधी कोणी सांगितलं नव्हतं.

“मापक ठेवलंत तेव्हाच समजले मी,” त्या म्हणाल्या. “मुलांना बाहेर काढलंय. नियमाप्रमाणे मैदानावर नेतेय.”

“इरफान, वायू आता कुठे सोडतोय अनुपालक?”

इरफानने झडपांचा नकाशा उघडला. त्याचं बोट पूर्वेकडे सरकत गेलं आणि थांबलं. “मैदानावर.”

भोंगा वाजला की साडेसहाशे माणसांनी जमायची ती जागा. सखल, तीन बाजूंनी भिंत. आणि वायू हवेपेक्षा जड. तिथे संवेदक नव्हता, कारण ती जागा सुरक्षितच असणार असं सर्वांनी धरलं होतं. त्या नकाशावर सही शलाकाची होती.

“तिथेही एक जोडतो,” इरफान पुटपुटला.

“मग तो वायू भिंतीपलीकडच्या वस्तीत सोडेल.”

तिचा हात सवयीने भोंग्याच्या लाल कळीवर गेला होता. तिने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. भोंगा वाजला तर सगळे मैदानाकडेच धावणार होते. तिने ध्वनिक्षेपक ओढला.

“मी शलाका नाबर बोलतेय. कुंदाताई, आहात तिथून मागे फिरा, मुलांना घेऊन टेकडीवर चढा. मैदानाकडे कोणीही जायचं नाही. मी कारखाना बंद करतेय.”