तेविसावा आवाज

सन दोन हजार एकोणीस. फेब्रुवारीचा दुसरा गुरुवार. थंडी सरली होती, उकाडा अजून सुरू व्हायचा होता. दुपारी तीन वाजता मास्तर क्लॅरिनेटची पेटी घेऊन नातीच्या स्टुडिओत गेले.

लोक त्यांना मास्तर म्हणत, पण त्यांनी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. शिकलेही बेताचेच. बेचाळीस वर्षं त्यांनी गाण्यांच्या आणि चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला क्लॅरिनेट वाजवलं. वेळेवर येणं, बूट चकचकीत ठेवणं आणि कमी बोलणं, एवढ्यावर वादक मंडळी त्यांना वचकून असत. आता वय चौऱ्याहत्तर. पेटी नऊ वर्षांत उघडली नव्हती.

नातीने एक वाद्य केलं होतं. ते कॉम्प्युटरच्या आत होतं. की-बोर्डची पट्टी दाबली की स्पीकरमधून वाजायचं. अशा वाद्याला ही मंडळी प्लगिन म्हणतात. त्यात चाळीस आवाज होते. नावं द्यायची राहिली होती, म्हणून नुसते आकडे. पुढच्या आठवड्यात ते विकायला काढायचं होतं. त्याआधी तिला जाणत्या वादकांचं मत हवं होतं. आजोबांना तिने क्लॅरिनेट घेऊन बोलावलं होतं, खऱ्याशी ताडून बघायला.

तिघं वादक आधीच वाजवून बसले होते.

"या मास्तर," ड्रमवाला म्हणाला. "तुमची नात आमची दुकानं बंद करायला निघालीय."

"तुझं दुकान उघडं कधी होतं?" व्हायोलिनवाली म्हणाली.

"काका, मस्करी नंतर," नात म्हणाली. तिच्या हातात वही होती. "मत सांगा. मी लिहून घेते."

की-बोर्डवाला चष्मा पुसत बोलला. "आवाज एक नंबर. खोटं शोधूनही सापडत नाही. फक्त तो तेविसावा... त्याचा खालचा स्वर धरून ठेवला की मलाच धाप लागते. बसल्या जागी. म्हातारा झालो बहुतेक."

"धाप नाही लागली मला," व्हायोलिनवाली म्हणाली. "मला वाटत होतं, शेजारी कुणीतरी बसलंय. मी कधी सुरू करते याची वाट बघतंय."

ड्रमवाला नातीकडे वळून हसला. "ताई, ते सगळं राहू दे. आधी टेबलाखालची मांजर हाकल. तेविसाव्याला दोनदा माझ्या पायावर चढली."

"इथे मांजर नाही, काका."

"मग या बाईंनीच पाय दिला."

"तुझ्या पायावर पाय द्यायला मला काय भिकेचे डोहाळे लागलेत?"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. साडेतीनला तिघांची दुसरीकडे कामं होती. ते गेले. दार जड होतं, रबर लावलेलं. ते मिटलं आणि बाहेरचा रस्ता एकदम नाहीसा झाला. भिंतींना जाड कापड, खाली करड्या रंगाचा गालिचा, छताजवळ एक दिवा. स्टुडिओतली शांतता मास्तरांना नवी नव्हती. तिथे माणसाला स्वतःचं रक्त ऐकू येतं.

"आजोबा, एकच बूट का काढलात?"

मास्तरांनी खाली पाहिलं. उजव्या पायात नुसता मोजा होता. बूट खुर्चीशेजारी नीट ठेवलेला. कधी काढला ते त्यांना आठवत नव्हतं. का काढला, ते मात्र ठाऊक होतं.

रेकॉर्डिंगला त्यांच्या उजव्या हाताला दुसरा क्लॅरिनेटवाला बसायचा. उंच, धिप्पाड, पाऊल हातभर. छाती लोहाराच्या भात्यासारखी, म्हणून सगळे त्याला भाताच म्हणत. लांबलचक स्वर असला की दोघं तो वाटून घेत. एकाचा दम संपत आला की दुसऱ्याने खालून सूर मिसळायचा, मग पहिल्याने सोडायचं आणि श्वास घ्यायचा. ऐकणाऱ्याला एकच स्वर वाटला पाहिजे. जोड कळता कामा नये. माइकपुढे बोलता येत नाही, खुणेला हात मोकळे नसतात. म्हणून मास्तर उजवा बूट काढून बसायचे आणि भाता डावा. पाय दोनदा दाबला तर 'घे'. एकदा दाबला तर 'आलो, सोड'. अकरा वर्षं असं चाललं. त्यांचा जोड कुणाला सापडला नाही.

मग एकदा तालमीत भाता म्हणाला, "मास्तर, तुमचा स्वर उतरलाय." वीस माणसांसमोर म्हणाला. स्वर उतरला होताच. मास्तर तीन आठवडे त्याच्याशी बोलले नाहीत.

त्यानंतरच्या रेकॉर्डिंगला एका चित्रपटासाठी सव्वा मिनिटाचा खालचा स्वर होता. तांबडा दिवा लागला. भात्याने सुरुवात केली. अर्ध्या मिनिटाने मास्तरांच्या पायावर दोनदा दाब आला. मास्तरांनी छाती भरून घेतली होती. क्लॅरिनेट ओठात होतं. त्यांनी फुंकलं नाही. तुटू दे एकदा, वीस जणांना ऐकू दे, असं मनात होतं. पुन्हा दोनदा दाब आला. मग पुन्हा. पुढे नुसता पाय थरथरत होता.

स्वर तुटला नाही. भात्याने तो शेवटपर्यंत एकट्याने नेला. दिवा विझला तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे होते आणि नाकातून रक्त येत होतं. रेकॉर्डिंग करणारा काचेमागून ओरडला, "वा मास्तर! काय जोड घेतलात, कुठे कळला नाही!" मास्तरांनी मान हलवून शाबासकी घेतली. भाता काही बोलला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. त्याने वाजवणं सोडलं. छातीत काही तुटलं, असं लोक म्हणाले. पुढच्या थंडीत तो गेला. याला छत्तीस वर्षं झाली.

मास्तरांनी हे घरी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही.

"त्या तेविसाव्यात कुणाचं रेकॉर्डिंग घातलंयस?" त्यांनी विचारलं.

"कुणाचंच नाही. या वाद्यात एकही रेकॉर्डिंग नाही, आजोबा. सगळं गणित आहे. मी आकडे भरले, त्यातून हा आवाज निघाला."

"लाव."

तिने माइक आणि बाजूचा रेकॉर्डर चालू केला, तेविसावा निवडला आणि खालची पट्टी दाबली.

स्वर आला. सुरुवातीला किंचित खरखर, लाकडावर तळवा फिरवावा तशी, मग भरदार, काळा. मास्तरांनी डोळे मिटले नाहीत. ते स्पीकरकडे बघत राहिले. भाता असाच सुरू व्हायचा. दुसरं कुणी तसं सुरू होत नव्हतं.

वीस सेकंद गेली. तीस.

उजव्या पायावर दाब आला. एकदा. पुन्हा एकदा. सावकाश, सवयीचा.

नातीने बोट उचललं. स्वर थांबला नाही.

"अडकला," ती म्हणाली. "होतं असं कधीकधी." तिने प्लगिन बंद केलं. स्वर चालूच होता. तिने कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला, रेकॉर्डरचा तांबडा दिवा तेवढा जळत राहिला. स्वर चालूच होता, आता जरा बारीक झालेला. खोलीत एक वास आला. क्लॅरिनेटच्या सांध्यांवरच्या बुचाला मेण लावतात, त्याचा. पेटी अजून बंद होती.

"आजोबा, हे... हे कुठून येतंय?"

ती स्पीकरची वायर उपटायला वाकली.

"हात लावू नको."

"पण..."

"मधे तोडायचं नाही. बस खाली."

पायावर पुन्हा दोनदा दाब आला. मास्तरांनी पेटी उघडली. पाच तुकडे त्यांनी नेहमीच्या क्रमाने जोडले. रीड, म्हणजे तोंडाशी लागणारी वेताची पट्टी, कोरडी ठणठणीत होती. ती त्यांनी जिभेवर धरली. भिजायला वेळ लागतो, घाई करून चालत नाही. तेवढा वेळ तो एकटाच धरून होता. स्वर दोऱ्याएवढा झाला होता. त्याच्या आत काहीतरी घुसमटत होतं. पायावरचा दाब आता मोजता येत नव्हता... नुसता थरथरत होता.

मास्तरांचे पुढचे दात खोटे होते. इतक्या वर्षांनी रीड चिरकेल, हे त्यांना कळत होतं. चिरकली तर जोड दिसेल. त्यांनी छाती भरली. ओठ आवळले.

आणि खालून सूर मिसळला.

रीड चिरकली नाही. सूर आधी ऐकू न येण्याइतका, मग बरोबरीचा. दोन स्वर एक झाले. मग त्यातला एक निघून गेला आणि मास्तरांचा उरला.

तेव्हा नातीने तो श्वास ऐकला. मोठा, खोल, खूप वेळ चाललेला. पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखा. तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबा फुंकत होते. तो श्वास त्यांनी घेतलेला नव्हता.

मास्तर धरून राहिले. दहा सेकंद. पंधरा. कानशिलं ठणकायला लागली. छताचा दिवा त्यांना दोन दिसायला लागला. पाय उचलून दाबावा, असं त्यांच्या मनात आलं नाही. ती पाळी त्यांची नव्हती. वीस. बोटं गार पडली. भाता जेवढा थांबला तेवढं थांबायचं, आणि खुर्चीतच संपलो तरी चालेल, असं त्यांनी ठरवलं होतं.

पायावर दाब आला. एकदाच.

स्पीकरमधून तोच स्वर खालून येऊन मिसळला. मास्तरांनी सोडलं. तो स्वर एकटा पुढे गेला, भरदार, निवांत, आणि लिहून दिलेल्या ठिकाणी संपावा तसा संपला.

मास्तरांचा घाम हनुवटीवरून टपकत होता. ते रुमालाने तोंड पुसून, क्लॅरिनेटचे तुकडे सोडवून एकेक पेटीत ठेवायला लागले. नातीने रेकॉर्डर थांबवला. हेडफोन लावून तिने ते एकदा ऐकलं, मग पुन्हा ऐकलं.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "जोड कुठे आहे? कळतच नाही."

"दोन आहेत," मास्तर म्हणाले.

ते बूट घालायला वाकले. खुर्चीच्या उजव्या हाताला, जिथे तिघांपैकी कुणीच बसलं नव्हतं, गालिच्यावर एक पाऊल दबलेलं होतं. डावं, हातभर लांब, अनवाणी किंवा मोज्यातलं. गालिच्याचे केस एकेक करून वर उठत होते. ते सगळे उठेपर्यंत मास्तर तसेच वाकून राहिले. मग त्यांनी लेस बांधली.